आजोबांची जन्मतारीख आणि पणजीचं नाव

नानाकाका (महाल): सगळ्यांना नमस्कार. जात पडताळणीसाठी काढलेली वंशावळ काल पुन्हा उघडली. सात पिढ्या आहेत, बाई एकही नाही. ऑफिसच्या कामाला तेवढं पुरलं, पण घरचा इतिहास म्हणून पोरांच्या हाती हाच कागद द्यायचा का? मी नीट लिहायला घेतो आहे. सुरुवात बाबांपासून. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्म १ जुलै १९१८.

मोठी आत्या: नाना, ती तारीख मास्तरांची. शाळा जुलैत उघडायची, अर्ध्या गावाचा जन्म १ जुलैचाच. आजी सांगायची, मानमोडीत तिचं पहिलं लेकरू गेलं, बाबा त्याच्यानंतरचे. तिचे दीर सिंदीहून आगगाडीनं नागपूरची काँग्रेस पाहायला गेले. परत आले तर घरी बाळंतीण! कापसाची वेचणी चालू होती. आदल्या दिवसापर्यंत आजी वावरात होती.

पुतण्या (पुणे): मानमोडी म्हणजे काय आत्या?

मोठी आत्या: ताप यायचा रे. एकाला पोहोचवून येत नाही तर दुसरा. आजी त्या लेकराचं नाव कधीच घेत नव्हती.

नानाकाका: १९१८ चा इन्फ्लुएंझा. आणि नागपूरची काँग्रेस, म्हणजे काँग्रेसचं अधिवेशन, भरलं डिसेंबर १९२० मध्ये. असहकाराचा ठराव तिथंच पक्का झाला, आपलं काँग्रेसनगर त्यावरूनच. ताई, तू एकही सन सांगितला नाहीस, तरी बाबांचा महिना सापडला! म्हणून सगळ्यांना सांगतो, म्हाताऱ्या माणसांना ‘कोणत्या साली’ असं विचारू नका. तेव्हा वावरात काय होतं, घरात कोण आजारी होतं, हे विचारा.

पुतण्या (पुणे): मग १९१८ खोडून टाकायचं?

नानाकाका: अजिबात नाही. एम्प्रेस मिलमधली बाबांची सगळी नोकरी त्याच तारखेवर झाली, रिटायरही त्याच हिशोबानं अडीच वर्षं आधी झाले. दोन्ही लिहायचं. एक रजिस्टरातली, एक आजीनं ताईला सांगितलेली. गाव काहून सोडलं त्याचंही तसंच. ताई म्हणते भावकीचं भांडण, धाकटा म्हणायचा सावकारी. मी दोघांच्या नावानं दोन्ही ठेवणार. धाकट्याला नीट बसून विचारायचं मात्र राहून गेलं, ते फार लागतं मनाला. गावची कोतवाल पंजी, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तहसीलमध्ये पाहायला मिळाली तर तीही पाहून येतो.

वहिनी (मानेवाडा): काकाजी, एक विचारू? पणजींचं माहेरचं नाव काय होतं? सासरचं नाव ‘लक्ष्मी’ म्हणून सगळे सांगतात, पण आमच्याकडे प्रत्येक थोरली सून लक्ष्मीच. माझंही लग्नात तेच ठेवलं होतं.

नानाकाका: सूनबाई, मला नाही माहीत. मी तिच्या मांडीवर वाढलो आणि मला माहीत नाही.

मोठी आत्या: मलाही नाही ग. आम्ही आजीच म्हणायचो. तिच्या माहेरचं कोणी आलं की तिला ‘बाई’ म्हणायचे. पण थांब. तिच्या लग्नातला पाणी भरायचा पितळेचा गुंड कुठं आहे? मामानं आंदण दिलेला. त्याच्या काठावर तिचं नाव होतं. आजी पाणी भरताना त्याच्यावरून बोट फिरवायची, तिला वाचता येत नव्हतं.

वहिनी (मानेवाडा): आमच्या माळ्यावर आहे आत्याबाई! जुन्या गाद्यांच्या मागं. पार काळा पडला आहे. मोडीत द्यायचं चाललं होतं, मीच ठेवून घेतला.

नानाकाका: सूनबाई, आत्ताच काढ. फोटो टाक.

वहिनी (मानेवाडा): काढला. काठाखाली काहीतरी आहे, बोटाला लागतं, पण दिसत नाही. पावडरनं घासू का?

मोठी आत्या: पावडर नको माय, तारेची घासणी तर लावूच नको. चिंच भिजव कोमट पाण्यात. कापडानं हळूहळू पूस. अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची आहेत, झिजून जातील. मी रविवारी येतेच आहे, तोवर नुसतं भिजवून ठेव.