काजूच्या दुकानाची वेबसाइट अडली आहे, मालक मजकूरच देत नाहीत

फोंड्यातला नवखा:
नमस्कार. मी वर्षभर एकट्यानेच वेबसाइटची कामं घेतो आहे. मार्चमध्ये एका काजूच्या दुकानाचं काम मिळालं. पाच पानं, अर्धे पैसे आगाऊ. डिझाइन मालकांना आवडलं. पण मालाची माहिती आणि 'आमच्याविषयी'चा मजकूर द्या म्हणून अडीच महिने मागे लागलोय, उत्तर एकच: "फाल्यां दितां" (उद्या देतो). रात्री अकरा वाजता "लोगो जरा मोठा कर" असा मेसेज मात्र येतो. उरलेले पैसे मागायला जीभ रेटत नाही. काय करू?

मडगावकरीण:
पुढच्या कामापासून आधीच लिहून घ्या: तीस दिवसांत मजकूर आला नाही तर राहिलेलं बिल द्यायचं. मी घेते. कोणी वाईट मानलेलं नाही.

म्हापशाची वेबवाली:
अकरा वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार्च ते मे काजूवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. बियांची खरेदी, भाजणं, फोडणं, वर सुट्टीतले पर्यटक. ते तुम्हाला टाळत होते असं मला वाटत नाही. शिवाय जो माणूस आयुष्यभर तोंडाने माल विकत आला, त्याला 'दोनशे शब्द लिहा' म्हटलं की हात चालतच नाही. लिहिणं आपलं काम आहे. त्याचे पैसे वेगळे धरा.

आता पाऊस लागलाय, गर्दी ओसरली असेल. सकाळी जाऊन तास-दीड तास गल्ल्याशेजारी बसा. लॅपटॉप नको, वही न्या. गिऱ्हाईक काय विचारतं तेवढं उतरवा. मी एका दुकानात अशी बसले होते तेव्हा सहा जणांनी एकच प्रश्न विचारला: डब्ल्यू १८० आणि डब्ल्यू ३२० मध्ये फरक काय? मालकांनी दोन्ही तळहातांवर गर घेऊन दाखवले. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५३ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो हा आकडा. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. त्या दोन तळहातांचा फोटो मी तिथल्या तिथे काढला. पहिल्या पानावर तोच आहे. 'आमच्याविषयी' चार ओळींत आटोपलं. (फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचे झाले तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर बारीक होऊन येतात.)

आणि आधी हे बघा: डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता, कोणाच्या खात्यावर आहे? पेडण्यातल्या एका काकींचं होमस्टे आहे. ऐन डिसेंबरात त्यांची वेबसाइट बंद पडली. आधी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो आखातात गेला, नंबर बदलला, नूतनीकरणाची पत्रं त्यालाच जात राहिली. डॉट कॉमची मुदत संपली की काही दिवस नेहमीच्या दरात सोडवता येतं, मग ३० दिवस दंड भरून, आणि त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. काकी दंडाच्या दिवसांत होत्या. त्या मुलाच्या भावाला गाठून खातं उघडेपर्यंत नाताळ उलटून गेला. रिकाम्या खोल्यांच्या चाव्या ओट्यावर ओळीने ठेवून काकी माझ्याशी बोलत होत्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून खातं मालकाच्याच ईमेलवर, मालकाच्याच मोबाइलवर, माझ्यासमोर उघडलं जाईपर्यंत मी कामाला हात लावत नाही.

फोंड्यातला नवखा:
काल जाऊन बसलो. सगळ्यात जास्त विचारणा सालीसकट भाजलेल्या काजूंची आणि कुरियरची. माझ्या आराखड्यात दोन्ही नव्हतं. मालक बोलत गेले, मी चार पानं लिहून घेतली. निघताना उरलेल्या पैशांतले निम्मे त्यांनी स्वतःहून दिले.

डोमेन माझ्याच ईमेलवर होतं. इतक्या दिवसांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथेच बदललं. ओटीपी मालकांच्या मुलीच्या फोनवर आला, तिने पासवर्ड उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

म्हापशाची वेबवाली:
छान केलंत. तो पासवर्ड मात्र उधारीच्या वहीत नको, ती वही सगळ्यांच्या हाती जाते. घरी कपाटात ठेवायला सांगा.