रोज कोल्हापुरात, महिन्यातून एकदा आंबा घाटात : वापरलेली डिझेल घ्यावी की पेट्रोल?

सह्यवाट :
नमस्कार. माझे घर ते गोकुळ शिरगाव असे रोजचे जाणे-येणे मिळून १६ किलोमीटर होते आणि महिन्यातून एकदा आंबा घाटमार्गे रत्नागिरीला गावी जाणे असते. त्या वेळी आई-वडील, मुले आणि सामान असा गाडीवर पूर्ण भार असतो. सध्या तीन वापरलेल्या गाड्या पाहून ठेवल्या आहेत : ९५ हजार किलोमीटर चाललेली २०१७ ची स्विफ्ट डिझेल, ५२ हजार चाललेली त्याच वर्षाची स्विफ्ट पेट्रोल आणि २०२१ ची बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष पाळणारी) डिझेल छोटी एसयूव्ही, जिचे रनिंग फक्त ३० हजार आहे. घरच्यांचा कल सर्वांत नव्या गाडीकडे आहे, मला मात्र घाटातील डिझेलची ओढ आवडते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मल्टीजेट :
घरच्यांचा कल ज्या गाडीकडे आहे, तीच आपल्या वापराला सर्वांत कमी मानवेल, असे माझे स्पष्ट मत आहे. बीएस-६ डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी त्याचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते आणि त्यासाठी गाडी १५-२० मिनिटे एका लयीत धावावी लागते. रोजच्या आठ किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापते न तापते तोच गाडी बंद होते, त्यामुळे ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि त्यासाठी जास्तीचे सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. म्हणून गाडी सपाट जागेवर उभी करून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर आधीच्या मालकाने ती शहरातच फिरवली आहे असे समजावे. शहरी वापराच्या डिझेल गाडीत ३० हजार हा आकडा जमेची बाजू नसून शंकेची जागा आहे.

२०१७ च्या स्विफ्टमध्ये हा फिल्टरच नाही. तिचे १२४८ सीसीचे इंजिन मूळचे फियाटचे, २००३ मध्ये युरोपात आलेले. आपल्याकडे ते मानेसरला मारुतीसाठी आणि रांजणगावला फियाट व टाटाच्या गाड्यांसाठी तयार होत असे. टायमिंगला, म्हणजे इंजिनातील झडपांची उघडझाप वेळेवर ठेवायला, पट्ट्याऐवजी साखळी आहे आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ) २००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांवरच, मिळतो. बीएस-६ लागू झाल्यावर, एप्रिल २०२० पासून, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑइल वेळेवर बदलल्याच्या नोंदी असतील आणि रनिंग मुख्यतः हायवेचे असेल, तर ९५ हजार किलोमीटरला घाबरण्याचे कारण नाही.

चौथागिअर :
इंजिनाच्या गुणांबद्दल दुमत नाही, परंतु हिशेब वेगळेच सांगतो. आपल्या वर्णनावरून वर्षाचे रनिंग आठ हजार किलोमीटरच्या आसपास भरते. पेट्रोल गाडीने लिटरला १६ आणि डिझेलने २० किलोमीटर दिले असे धरले, तर वर्षाला ५०० लिटर विरुद्ध ४०० लिटर एवढाच फरक पडतो. डिझेल लिटरमागे स्वस्त आहे हे खरे, पण इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) किंवा टर्बोचे (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) एक काम निघाले की काही वर्षांची बचत एकाच बिलात संपते. शिवाय डिझेल इंजिन तापायला वेळ घेते आणि थंड इंजिनावर रोज थोडेसेच चालणे त्याला सोसत नाही. मी आपल्या जागी असतो तर पेट्रोल स्विफ्ट घेतली असती. तिचा टॉर्क ११५ न्यूटन मीटरच आहे, त्यामुळे घाटाच्या कोकणाकडच्या पायथ्याच्या साखरप्याकडून भरलेली गाडी चढवताना दुसरा गिअर टाकून आरपीएम साडेतीन हजारांपर्यंत नेण्याची तयारी ठेवावी लागेल. इंजिनाच्या आवाजाला घाबरून तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहणेच इंजिनाला अधिक जाचते.

घाटकरी :
वरील शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि उतरणीबद्दल थोडी भर घालतो. मायलेज वाढावे म्हणून घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आजही दिसतात. ही सवय धोक्याची तर आहेच, पण तिने इंधनही वाचत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजेक्शन प्रणाली इंधन जवळजवळ पूर्ण तोडते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि ऐन वळणावर पेडल निकामी होण्याची वेळ येऊ शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आजच्या गाड्यांनाही लागू पडतो. चढावर वाहनांच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये, हॅण्डब्रेक वापरावा. डिझेल घेतलीत तर घाट चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहते.

सह्यवाट :
सर्वांचा आभारी आहे. एसयूव्हीचा विचार सोडला. दोन्ही स्विफ्ट रविवारी पाहणार आहे. प्रत्यक्ष काय तपासावे?

मल्टीजेट :
सकाळी लवकर जा आणि आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये असे मालकांना आधीच सांगा. पोहोचताच बॉनेटला हात लावून पाहा, ते थंडच असले पाहिजे. स्टार्ट होताना साखळीचा खडखडाट दोन-तीन सेकंदांत थांबायला हवा. गरम झालेले इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचे झाकण उघडा. हलकी वाफ चालेल, पण धुराचे झोत ठोक्याठोक्याने बाहेर येत असतील तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. निळा धूर ऑइल जळत असल्याचा आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा कूलंट जळत असल्याचा. रनिंगच्या हिशेबाबाबत चौथागिअर यांचे म्हणणे मला पटले आहे. डिझेलमध्ये यांतील एकही खूण आढळली, तर घासाघीस न करता सरळ पेट्रोल घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.