नानकटाईच्या चिठ्ठ्यांवरून वाचनसराव: मुलगा वाचतो आहे की पाठ म्हणतो आहे?

नमस्कार. माझा मुलगा साडेसात वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो. घरी मराठी अखंड बोलतो, पण वाचायला बसवले की शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द मनानेच जुळवून मोकळा होतो. पुस्तक समोर धरले की त्याला हटकून तहान लागते. स्वयंपाकघरात मात्र तो न बोलावता येतो, म्हणून दोन महिन्यांपासून दर शनिवारी आम्ही नानकटाई करतो आणि त्याने चिठ्ठी वाचून दाखवल्याशिवाय मी एकाही डब्याला हात लावत नाही.

सुरुवात चांगली झाली. 'अर्धा' हा शब्द तो 'अध्रा' असा वाचत असे, कारण रफार दिसतो ध-च्या डोक्यावर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी. पण 'अर्धी वाटी तूप' आणि 'अर्धा चमचा वेलचीपूड' स्वतः मोजून घालू लागल्यावर हा घोळ मी न समजावताच मिटला. चिठ्ठ्या संगणकावर छापून पाहिल्या, तर त्या टंकातला ल हिंदी वळणाचा निघाला आणि 'वेलची'पाशी गाडी अडली. तेव्हापासून मी हातानेच लिहिते.

तिसऱ्या खेपेला 'पाव चमचा खायचा सोडा' या ओळीतला पाव त्याने वड्याबरोबरचा समजून सोडून दिला आणि चांगला सपाट चमचाभर सोडा पिठात घातला. मी मुद्दाम गप्प राहिले (एक वाटी मैदा आणि तूप वाया गेले, त्यावर सासूबाई अजून बोलतात). नानकटाई पसरली, नको तितकी तांबूस झाली आणि चवीला साबणासारखी लागली. त्यानंतर मापाच्या प्रत्येक शब्दाखाली तो बोट ठेवू लागला.

अडचण आता निराळीच आहे. कृती त्याला तोंडपाठ झाली आहे. गेल्या शनिवारी मी वेलचीच्या जागी 'जायफळ' लिहिले, तर चिठ्ठीकडे पाहत त्याने खणखणीत आवाजात 'वेलची' म्हटले आणि डबाही वेलचीचाच काढला. दर वेळी नवा पदार्थ घ्यावा, तर 'मैदा', 'चाळणे', 'मळणे' हे शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जाण्याचा फायदा हातचा जातो. तोच पदार्थ ठेवावा, तर वाचन उरत नाही. ज्यांनी घरी किंवा वर्गात असा प्रयोग केला आहे, त्यांनी हा मेळ कसा घातला, हे कृपया सविस्तर सांगावे.

दुसरी शंका क्रियापदांची आहे. पाककृतीत 'चाळून घ्यावे', 'एकजीव करावे' असे लिहितात, पण घरात त्याच्याशी असे कोणीच बोलत नाही, त्यामुळे 'घ्यावे'पाशी तो थबकतो. चिठ्ठीत सरळ 'चाळ', 'मळ' लिहावे, की पुढे छापील मजकूर वाचायचाच आहे म्हणून 'घ्यावे'ची सवय आत्ताच लावावी? मला दुसरे बरोबर वाटते, पण त्यापायी त्याचा उत्साह ओसरेल अशी धास्ती आहे.

आमच्याकडे लहान ओटीजी आहे, त्यात एका वेळी बाराच नानकटाया बसतात, आणि घरात अंडे चालत नाही. सहा-सात ओळींत मावतील अशा, नानकटाईशी मिळत्याजुळत्या बिनअंड्याच्या कृती कोणी सुचवल्या, तर येत्या शनिवारच्या चिठ्ठ्या मी त्यांवरूनच लिहीन.