न्यूट्रिनोवर २० मिनिटं बोलायचंय, कोणता प्रयोग घेऊ?

धूमकेतू: दहावीच्या वर्गासमोर न्यूट्रिनोवर, म्हणजे जवळजवळ कशालाही न अडता आरपार जाणाऱ्या इवल्याशा कणांवर, बोलायचंय. वेळ २० मिनिटं, हाताशी फक्त फळा आणि खडू. एकच प्रयोग नीट सांगेन म्हणते. कोणता?

जुनी_वही: डेव्हिसचा अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीतला, सूर्याचे न्यूट्रिनो मोजणारा प्रयोग, डोळे झाकून. जवळजवळ दीड किलोमीटर खोल खाणीत ६१५ टन ड्रायक्लीनिंगचं द्रावण, त्यातल्या क्लोरिनवर न्यूट्रिनो आदळून निघणार आर्गॉनचे मोजके अणू. मी सांगितला तेव्हा एका मुलीने विचारलं, "एवढ्या टाकीतून ते अणू काढले कसे?" मला सांगता आलं नाही, अजून सलतंय. हेलियमचे बुडबुडे सोडून काढायचे. तयारी करून जा.

खडूफळा: असा कण असावा असं पाउलीने सुचवलं त्या १९३०च्या पत्रापासून सुरुवात हवीच. मग बीटा क्षय (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो), मग फर्मीचा त्यावरचा सिद्धांत. मी स्लाइड्स लावून दोन तास बोललो, एक मूल जागचं हललं नाही.

धूमकेतू: प्रोजेक्टर नाहीये हो. आणि २० मिनिटंच.

बीटाक्षय: शोध म्हणाल तर १९५६, राइन्स आणि कोवन. अणुभट्टीजवळ पाण्याच्या टाक्या, पाण्यात कॅडमियम क्लोराइड. भट्टीतून आलेला प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन (धनभाराचा इलेक्ट्रॉन) आणि न्यूट्रॉन निघतात. पॉझिट्रॉनची चमक लगेच, कॅडमियमने न्यूट्रॉन गिळल्याची काही मायक्रोसेकंदांनी. ही जोडी म्हणजे खूण. फळ्यावर दोन रेघा ओढल्या की कळतं.

खाणकरी: १९६५चं कोलार विसरलात? वातावरणातले न्यूट्रिनो तिथल्या सोन्याच्या खाणीत सापडले.

बीटाक्षय: त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतही, तेही राइन्सनाच.

खाणकरी: कोलारचा निबंध आधी छापून आला.

बीटाक्षय: मान्य. मला वाईट वाटतं ते कोवनचं. नोबेल राइन्सना १९९५ला मिळालं, कोवन १९७४लाच गेले होते.

सांजवेळ: डेव्हिसच घ्या. हिशेबाच्या एक तृतीयांशच न्यूट्रिनो मिळाले, लोक म्हणाले प्रयोग चुकला. प्रयोग बरोबर होता, न्यूट्रिनोच वाटेत प्रकार बदलत होते. कॅनडातल्या सडबरीच्या जड पाण्याच्या प्रयोगाने २००२पर्यंत ते पक्कं केलं.

जुनी_वही: डेव्हिस मी वरच सुचवलाय.

धूमकेतू: सगळ्यांचे आभार. पण मी १९८७चा सुपरनोव्हा घेतेय. दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षं दूर तारा फुटला, आणि तो दुर्बिणींना दिसायच्या काही तास आधी जपानमधल्या कामिओकांदे प्रयोगाच्या पाण्याच्या टाकीत १३ सेकंदांत ११ न्यूट्रिनो टिपले गेले. काल टेबलावर खडूने वाजवून पाहिलं. पहिल्या दोन सेकंदांत आठ ठोके, मग सात सेकंद काहीच नाही, मग तीन. वर्गात असंच वाजवणार.

जुनी_वही: बुडबुड्यांचं तरी लक्षात ठेवा. विचारतील.