विचर ४ चा डेमो बघून आत्ताच ग्राफिक्स कार्ड घ्यावं का? (कोल्हापूर)

राजारामपुरी_पाचवी_गल्ली:
मंडळी, सरळ विचारतोय. विचर ४ ह्या येणाऱ्या व्हिडिओ गेमसाठी आत्तापासून ग्राफिक्स कार्डात पैसे घालण्यात अर्थ हाय का? आमच्या ग्रुपमधली पोरं जून २०२५ चा अनरियल इंजिनवाला (गेम बनवायचं एपिक कंपनीचं सॉफ्टवेअर) डेमो बघून येडी झाल्यात. साधा पीएस५ कन्सोल, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) चालू, सेकंदाला ६० फ्रेम, भरलेला बाजार आणि त्यातनं गेमची नायिका सिरी चाललीय. दुकानदार पण लगेच सुरू, "घेऊन ठेवा, नंतर मिळायचं न्हाई." त्याचं काय जातंय म्हणायला.

डेमो देखणा हाय, वाद न्हाई. पण सिरीच्या घोडीच्या कातड्याखाली स्नायू कसे हलतात हे मी कौतुकानं किती वेळ बघू? पोस्टरवर पैलवान सगळेच तगडे दिसत्यात, खासबागेत उतरला की कळतंय. आणि गेम बनवणारी सीडी प्रोजेक्ट रेड कंपनी स्वतःच सांगत्या की ही टेक डेमो हाय, गेम न्हाई. मग पोरं कशावर नाचायलीत?

मला तिसऱ्या भागातलं (विचर ३) काय आवडलं सांगतो. (ज्यानं खेळला न्हाई त्यानं हा परिच्छेद सोडा.) ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराची भानगड. टेकडीखालच्या झाडात एक आत्मा अडकलाय. सोडला तर अनाथ पोरं वाचत्यात, पण बॅरनची बायको हातची जाते आणि तो गळफास घेतो. मारला तर बॅरन बायकोला घेऊन निघून जातो, पोरं मात्र गेली. आणि निवड करताना ह्यातलं काहीच कुणी सांगत न्हाई! बॅरन दारुडा, बायकोला मारणारा. तरी अंगणात त्याला लटकलेला बघून मी गेम बंद करून बाहेर गेलो. असलं लिहिणारं डोकं अजून त्या कंपनीत हाय का, एवढंच मला कळायला पाहिजे. तिसऱ्या भागाचा दिग्दर्शक कोनराड तोमाशकेविच २०२१ लाच बाहेर पडला, त्यानं रिबेल वुल्व्हज ही स्वतःची कंपनी काढली.

आपलं कार्ड जीटीएक्स १६५०. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर विचर ३ डायरेक्टएक्स ११ ह्या जुन्या, हलक्या ग्राफिक्स सेटिंगवर ठेवूनच खेळतोय.

पंचगंगेचा_पोहणारा:
भावा, एक रुपया घालू नको. २०२७ च्या आधी गेम येणार न्हाई असं त्यांनीच सांगितलंय. अधिकृत रिक्वायरमेंट हातात नसताना कार्ड घेणं म्हणजे दुकानदाराचा गल्ला भरणं. विचर ३ ला २०१५ साली किमान जीटीएक्स ६६० कार्ड मागितलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी अंदाजानं घेणाऱ्यांनी काय काय घेऊन ठेवलं असेल!

आणि ती डेमो एपिकच्या कार्यक्रमात दाखवली. एपिकला इंजिन खपवायचंय. २०१३ ला दाखवलेला विचर ३ आणि २०१५ ला हातात आलेला ह्यातल्या ग्राफिक्सवरनं केवढी भांडणं झाली होती, आठवतंय न्हवं?

केल्पी_पुणे:
दादा, थोडा अन्याय करताय. डेमो महागड्या पीसीवर न दाखवता साध्या पीएस५ वर दाखवली, हे मुद्दाम केलंय. त्याच कंपनीच्या सायबरपंक गेमची वाट लागली ती जुन्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर. आता ते ओझंच नाही. शिवाय २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी या जोडभागानंतर सायबरपंक खेळून बघा. लिखाणाची काळजी असेल तर मुद्दाम फँटम लिबर्टी खेळा, त्यातल्या निवडीही बॅरनसारख्याच जिव्हारी लागतात.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली:
ताई, फँटम लिबर्टीचा मुद्दा मान्य. लिखाणाबद्दल जरा धीर आला. पण १० डिसेंबर २०२० ला आलेला गेम सप्टेंबर २०२३ ला धड होतो, म्हणजे पावणेतीन वर्षं. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यानं तोवर काय करायचं? सोनीनं स्टोअरवरनं गेम काढून टाकला, तो जून २०२१ ला परत आला. आणि मला खटकतंय ते बग न्हाईत. रिलीजच्या आधी रिव्ह्यूला फक्त पीसीच्या कॉप्या दिल्या, कन्सोलचं कुणाला दिसूच दिलं न्हाई. बग चुकून राहत्यात, हे ठरवून केलं जातंय.

मिसळ_जादा_कट:
ते सगळं राहू दे. सिरी विचर (राक्षस मारणारी) झालीच कशी? विचर बनवायची ती गवताची परीक्षा फक्त मुलग्यांवरच करायचे. आणि तिसऱ्या भागात ती इथनं तिथं गायब होऊन वार करायची, आता साखळी आणि काढे घेऊन फिरतीया. ती ताकद गेली कुठं?

केल्पी_पुणे:
परीक्षेचं सामान केर मोरहेन या विचरांच्या गढीत होतं की! तिसऱ्या भागात जादूगारीण येनेफर आणि नायक गेराल्टनं उमा नावाच्या शापित जीवावर तोच प्रयोग केला, त्यातूनच सिरीचा गुरू आव्हालाक मूळ रूपात परत मिळाला. म्हणजे रस्ता गेममध्येच आहे. ताकदीचं मात्र मलाही कोडं आहे.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली:
सिरीला माझा विरोध न्हाई, उलट गेराल्टला आता निवांत बसू दे. पण ताकद गेली ह्याचं कारण एका संवादात उरकलं तर मी पहिला बोंबलणार.

तर ठरलं. प्री-ऑर्डर न्हाई, कार्ड न्हाई. कन्सोलचे रिव्ह्यू रिलीजच्या आधी बाहेर आले, आणि कुणीतरी बाहेरच्या माणसानं तासभर सलग खेळून दाखवला, तर बघू. सध्या नुसती रॅम वाढवतो. कुणाकडं जुनी डीडीआर४ आठ जीबी पडल्या का?

पंचगंगेचा_पोहणारा:
हाय. ३२०० वाली, चालू स्थितीत. मेसेज टाक, पण भावात घासाघीस करायची न्हाई.