एलईडीवर जुना टीव्ही गेम: बंदूक चालंना, आणि आताच्या पोरांना हे आवडंल का?

टिळकवाडी_रिटर्न
माळा आवरताना जुना टीव्ही गेम सापडला, दोन रिमोट, बंदूक, कॅसेटा सगळं शाबूत. एलईडीला पिवळी-पांढरी वायर जोडली, मारिओ लागला पण बदकांच्या गेमला बंदूक अजिबात चालंना. बिघडली काय? पोरगा सहावीत आहे, सुट्टीत त्याला दाखवावं म्हणतोय. खरं सांगा, ह्यात अजून मजा आहे की आपणच उगं कौतुक करालोय?

खानापूरचा_गेमर
बंदूक चांगलीच असणार, टीव्ही नवा आहे हा प्रॉब्लेम. घोडा ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतोय आणि तो उजेड बंदुकीतल्या सेन्सरला दिसला की बदक पडलं. आधी काळी का, तर बल्बकडं नेम धरून कोण चीटिंग करू नये म्हणून, डोकं बघा! पिक्चर ट्यूबवर हे त्याच क्षणी व्हायचं, एलईडीवर चित्र जरा उशिरा येतंय, मग गेमला वाटतं नेम चुकला. कुणाकडं डबा टीव्ही पडून असंल तर उचलून आण.

आणि आपल्याकडं यायचे ते बहुतेक निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम गेम मशीनचे क्लोन, म्हणजे नकला. मूळ मशीन जपानात १९८३ ला आलं, अमेरिकेत १९८५ ला एनईएस नावानं. दोन्ही मिळून ६ कोटींच्या वर खपली, आपल्या गल्लीतली त्यात धरलेली नाहीत.

निपाणीकर_दादा
मजा आहे की! आठवणी बिठवणी सोडा, नुसती मारिओची उडी बघा, बटण दाबून धरलं तर उंच, पळत येऊन मारली तर लांब, खड्ड्यात पडलास तर दुसऱ्या कुणाला नाव ठेवता येत नाही. मशीनची रॅम २ केबी, आख्खा गेम ४० केबीत बसवलाय, म्हणून तर ढग आणि झुडूप एकच चित्र, रंग तेवढा वेगळा. ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा ह्यापेक्षा मोठा असतोय ओ.

शहापूर_गल्ली
एकट्यानं खेळायला देऊ नकोस, कॉन्ट्रा हा दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा गेम लाव आणि शेजारी बस. धबधब्याच्या लेव्हलला एकजण भराभर वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतोय, ह्यावरनं आमच्यात भावाभावांची खरी मारामारी व्हायची. बाकी सगळंच काय भारी नव्हतं, ९९९९ इन वन लिहिलेल्या कॅसेटीत तेच मोजके गेम फिरून फिरून यायचे, लई गंडवलंय. आणि कॅसेटीत फुंकर मारू नको, ओल धरून पिना गंजतात. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूस.

टिळकवाडी_रिटर्न
भारी! पण दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट बटणच नाही, तुटलंय काय?

शहापूर_गल्ली
नाही रे, मूळ फॅमिकॉमलाच तसं होतं. पॉज एक नंबरवाल्याच्याच हातात. तो पोराला दे आणि तू गप दोन नंबर घे.