टिपणाचे क्षेत्र आणि रोव्हरचे क्षेत्र जुळेना (अंबाजोगाई)

शिवार_मोजणी:
नमस्कार मंडळी. अंबाजोगाई तालुक्यातला 9 एकराचा सर्व्हे नंबर आहे, काळं रान. सातबाऱ्यावर 3 हेक्टर 64 आर. जुने टिपण (मूळ मोजणीचा मापे लिहिलेला कच्चा नकाशा) कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, काढले तर 3 हेक्टर 42 आर येते. टिपणावरची मापे साखळी-आण्यांत आहेत, आणा 2 फुटांचा धरला आहे. धुऱ्याने (बांधाने) रोव्हर, म्हणजे काठीवरचे उपग्रह-मोजणी यंत्र, फिरवला तर 3 हेक्टर 57 आर. एक जण म्हणतो की यूटीएममुळे (रोव्हर वापरतो त्या नकाशाच्या सपाट ग्रिडमुळे) फरक पडतोय. टिपणावरचे आकडे उर्दूत आहेत, सोबत झेरॉक्स आहे. नेमके कुठे चुकतेय?

साखळी_तेहेतीस:
पहिली चूक तुमच्या आण्यातच आहे. मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची आणि तिचे 16 आणे, म्हणजे आणा 2 फूट पाऊण इंच. मीटरमध्ये साखळी 10.0584 आणि आणा 0.62865. तुम्ही 2 फूट धरला म्हणजे साखळी 32 फुटांची झाली. दोन्ही बाजूंनी तीच तूट पडते, म्हणून 364 आरचे 342 झाले. तुमचा आकडा तंतोतंत तेवढाच आला आहे, त्यामुळे टिपण वाचण्यात मोठी गफलत दिसत नाही.

पडताळा सोपा आहे. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. मीटरमध्ये न बदलता साखळ्यांतच गुणाकार करा, 9 एकराला 360 यायला हवेत. मग 1.0117 ने गुणले की आर. गुंठा आणि आर एकच धरणारे पुष्कळ आहेत, तिथे 9 एकरामागे 4 आर उडतात.

फिक्स_की_फ्लोट:
यूटीएमला दोष देऊ नका. आपला यूटीएम पट्टा झोन 43, त्याची मध्यरेषा 75 अंश रेखांशावर. अंबाजोगाईत ग्रिडचे अंतर जमिनीपेक्षा हजार मीटरला पाव मीटरच्या आसपास कमी येते. 3 हेक्टर 64 आरला हा फरक वीसेक चौरस मीटरही भरत नाही. (नांदेडकडे उलट, ग्रिडचे अंतर जास्त येते.)

उरलेले 7 आर (364 वजा रोव्हरचे 357) बहुधा धुऱ्यात आहेत. नंबर साधारण चौकोनी असेल तर घेर 760 मीटर. रोव्हरची काठी धुऱ्याच्या आतल्या काठाने नेली आणि धुऱ्याचा मध्य तिथून 90 सेंटिमीटर बाहेर असेल, तर 684 चौरस मीटर गेले, म्हणजे जवळपास 7 आर. आधी मध्यावरून फेरी मारा, त्यानंतरच शेजाऱ्याने धुरा कोरला का ते बोला. चिंचेखाली, आंब्याखाली फ्लोटवर (रोव्हरची जागा अजून पक्की नसताना) बिंदू घेऊ नका. फिक्स (पक्की जागा) आल्यावर घ्या आणि तासाभराने तोच बिंदू परत घेऊन ताडा. काठीची उंची 2 मीटर टाकली का तेही बघा.

मोडी_उर्दू_वाचक:
झेरॉक्सवर विसंबू नका. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका, झेरॉक्समध्ये तो पुसतो नाहीतर धुळीचा डाग शून्य होऊन बसतो. 2 आणि 3 मध्ये फक्त एका दात्याचा फरक. मूळ कागदाचा रंगीत फोटो मागा. संशय आला तर त्या तुकड्याचे क्षेत्र गुणाकार बुकातल्या (जुन्या क्षेत्र-हिशेबाच्या वहीतल्या) आकड्याशी लावून बघा, चुकीचा लंब (पायारेषेपासून कोपऱ्यापर्यंतचे काटकोनी माप) लगेच उघडा पडतो.

साखळी_तेहेतीस:
टिपण जागेवर बसवताना धुऱ्यावर नव्हे, हद्दीच्या दगडांवर बसवा. निदान तीन दगड हवेत, त्यात शिवेचा एक असेल तर उत्तम. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते आणि दगड कलतो. म्हणून डोक्यावर बिंदू घेऊ नका, उकरून बूड शोधा. कॅडमध्ये अलाइन करताना स्केल बदलायला नकार द्या, नाहीतर रेघा जुळतात आणि क्षेत्र मात्र बदलते. सगळीकडे सारख्याच प्रमाणात जमिनीवरचे अंतर जास्त येत असेल तर जुनी साखळी ताणलेली होती असे समजा. 2 इंच ताण म्हणजे अंतरात अर्धा टक्का, क्षेत्रात एक.

आणि शेतकऱ्याला आधीच सांगा, खासगी मोजणीने हद्द कायम होत नाही. वाद असेल तर भूमी अभिलेखकडे हद्द कायमचा अर्ज, लगतच्यांना नोटीस, मग ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा). तीही मान्य नसेल तर निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. तुमचा नकाशा तोवर फक्त अंदाजाला, त्यावर दगड रोवू देऊ नका.

शिवार_मोजणी:
आणा 2.0625 फूट धरून परत काढले, 3 हेक्टर 64 आर आले. धुऱ्याच्या मध्यावरून फेरी उद्या घेतो, तूर उभी आहे म्हणून पूर्वेची बाजू राहील.